टायपिंगच्या बाई म्हणाल्या, हळू

टायपिंगच्या बाई वर्गाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. नव्याने आलेल्याला वाटायचं, बाईंचं लक्ष नाही, तेवढ्यात जरा खाली बघून घेऊ. तोच खिडकीकडून आवाज यायचा, "दाराजवळचे, मान वर. की-बोर्ड काही पळून जात नाही!" दाराजवळचा दचकायचा आणि शेजारचा जुना विद्यार्थी गालातल्या गालात हसायचा. कधीकाळी त्यालाही हाच प्रसाद मिळालेला असायचा.

बाईंचा सगळा कारभार कानावर. कोणाची डावी करंगळी आळशी आहे, कोण अक्षर शोधतंय, कोण घरून भांडून आलंय, हे त्यांना नुसत्या टकटकीवरून कळे. "टायपिंग हे डोळ्यांचं काम नाही," त्या सांगत. "डोळे कागदावर, बोटं आपापल्या घरात. ज्याची बोटं घर सोडून उंडारतात, त्याचा मजकूर रस्त्यावर येतो." पडद्याकडे बघायचीसुद्धा मनाई होती. बघून चूक कळते, पण तोवर दोन अक्षरं वाया जातात. चूक झाली तर झाली, पुढे चला.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्यासोबत एक टाइपरायटर आला होता. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "लोकांच्या सुना सोनं घेऊन येतात, आमची लोखंड घेऊन आली." पण सासूबाईंचं मन तोंडाइतकं कडू नव्हतं. घराची पुढची खोली त्यांनीच मोकळी करून दिली आणि त्या लोखंडाची आणखी भावंडं आली. पुढे ती यंत्रं भंगारात गेली, कॉम्प्युटर आले. मागे संसार, पुढे टकटक. बाईंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला होते. ते म्हणत, "दिवसभर पंपाची धडधड आणि घरी ही टकटक. मी बहिरा झालो तर सरकारने अर्धीच भरपाई द्यावी, अर्धी बायकोने."

दारावरच्या पाटीवर क्लासच्या नावाखाली 'मान्यताप्राप्त परीक्षा केंद्र' असं लिहिलेलं होतं. क्लासचा प्राण त्या तीन शब्दांत होता. टायपिंग काय, हल्ली कोणीही कुठेही शिकतं. पण ज्या खुर्चीत बसून शिकलो, ज्या की-बोर्डची कळ अन् कळ बोटांना पाठ आहे, तिथेच बसून मंडळाची परीक्षा द्यायला मिळणार, म्हणून मुलं बाईंकडे येत. केंद्र गेलं की क्लास गेला, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि क्लास गेला की आपण कोण, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

जुने कॉम्प्युटर एकेक करून आजारी पडू लागले, तेव्हा धावून आला त्यांचा धाकटा भाऊ. एका कारखान्यात तो यंत्रांच्या कॉम्प्युटरचं काम बघायचा, आणि उरलेल्या वेळात जगातल्या कुलूपबंद प्रोग्रॅमांवर चिडायचा. एका रविवारी त्याने पिशवीतून तळहाताएवढी हिरवी पट्टी काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"हा कॉम्प्युटर."

"हा?" यजमानांनी चष्मा वर केला. "मला वाटलं, रेडिओचं काळीज काढून आणलंस."

"भाऊजी, यालाच बोर्ड म्हणायचं. मोबाईलमध्ये असतो त्या जातीचा, एआरएम प्रोसेसर. तापत नाही म्हणून पंखा नाही, वीज चिमूटभर खातो. आणि यावर लिनक्स घालायचं. सगळी मुक्त प्रणाली."

"म्हणजे फुकट."

"फुकट वेगळं, मुक्त वेगळं. मुक्त म्हणजे आत काय चाललंय ते उघडून बघता येतं, आपल्याला हवं तसं बदलता येतं. ज्याचं पोट उघडून बघता येत नाही, तो प्रोग्रॅम घरात ठेवायचाच कशाला?"

"तुमचं पोट तरी कोणी उघडून बघितलंय, मेव्हणे? तरी दर रविवारी जेवायला ठेवतोच की आम्ही."

पण भाऊ बोलला ते त्याने करून दाखवलं. एका बारक्या मेमरी कार्डावर सगळी व्यवस्था लावली, मग त्याच्या नकला काढून प्रत्येक बोर्डात एकेक खोचली. जुने पडदे, जुने की-बोर्ड तसेच राहिले, फक्त टेबलाखालची घरघरणारी खोकी गेली. आणि खोकी गेल्यावर बाईंना कळलं, की इतकी वर्षं त्या पंख्यांच्या गोंगाटातून ऐकत होत्या. आता खोली शांत होती आणि कळ न् कळ सुटी ऐकू येत होती. "अरे बाळ्या," त्या म्हणाल्या, "तू मला कॉम्प्युटर नाही दिलेस, कान धुऊन दिलेस."

सरावाचा प्रोग्रॅमही मुक्त होता. बाईंना त्यातली एक गोष्ट खटकली: चूक झाली की अक्षर लाल व्हायचं आणि मुलं मागे फिरून ते पुसत बसायची. "मला नको हे. परीक्षेत पुसायला मिळतं का? मागे फिरायची कळ बंद कर आणि चुका शेवटीच दाखव." भावाने दुपारी प्रोग्रॅम उघडला, कुठे काय लिहिलंय ते शोधलं, आणि दिवेलागणीच्या आत बाईंचा हट्ट पुरवला. त्या दिवशी बाईंना मुक्त म्हणजे काय ते कळलं. हाताखालची वस्तू आपलं ऐकते, एवढंच.

अशी काही वर्षं सुखाची गेली.

मग मंडळाचं पत्रक आलं. यापुढे परीक्षा मंडळाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमवरच होणार. तो ज्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर चालतो ते केंद्र राहील. निरीक्षक येतील, केंद्राने आपला एक विद्यार्थी त्यांच्यासमोर बसवायचा, प्रोग्रॅमने त्याचा निकाल नीट काढला तर मान्यता कायम.

प्रोग्रॅम आला आणि भावाने कपाळाला हात लावला. तो नेहमीच्या कॉम्प्युटरसाठी बनवलेला होता. बाईंच्या बोर्डांचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, त्याला त्या प्रोग्रॅमची भाषाच कळेना.

"मग बदल त्याला, त्या सरावाच्या प्रोग्रॅमला बदललास तसा."

"ताई, तो उघडा होता. हा कुलूपबंद आहे. ज्या कंपनीने केलाय तिला मी लिहिलं. म्हटलं, प्रोग्रॅम ज्यात लिहिलाय तो मूळ मजकूर द्या, मी माझ्या हाताने या बोर्डासाठी बांधून घेतो, नाहीतर तुम्ही बांधून द्या. एका ओळीचं उत्तर आलं. तसा विचार नाही म्हणून. आणि सगळे कॉम्प्युटर नव्याने घ्यायचे तर पैसे कुठून आणायचे?"

"आता?"

भाऊ गप्प बसला. तो गप्प बसला की काहीतरी शिजत असे. पुढच्या रविवारी तो आला तो चेहरा उजळूनच. त्याने मधे एक दुभाष्या बसवला होता. म्हणजे असा एक प्रोग्रॅम, जो मंडळाच्या प्रोग्रॅमचं बोलणं ऐकणार आणि शब्दाशब्दाला बोर्डाच्या भाषेत सांगणार. हा दुभाष्याही मुक्तच, जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेला.

"चाललं! ताई, बघ, पडदा आला!"

मंडळाने परीक्षेचे उतारे प्रोग्रॅममध्येच कुलपात ठेवले होते, निरीक्षक सांकेतिक शब्दाची किल्ली घेऊन येणार तेव्हाच ते उघडणार. नमुन्यापुरता एक परिच्छेद खुला होता. भावाने दिवसभर बसून तोच टाइप केला. बाई स्वयंपाकघरात होत्या. टक... टक टक... टक. भावाने आयुष्यभर कॉम्प्युटरवर काम केलं, पण दोनच बोटांनी.

"कोंबडी दाणे टिपतेय की काय रे?" त्या आतून ओरडल्या. "माझा सख्खा भाऊ म्हणून कोणाला सांगू नकोस. वर्गातली मुलं उठून जातील."

"हसा, हसा. पण एक अक्षर हुकत नाहीये. पहिल्यापासून शेवटपर्यंत, शंभर नंबरी!"

बाई हसल्या आणि त्यांनी पोळीला तेल लावलं. ज्या कानांना करंगळीचा आळस कळत होता, त्या कानांनी ती टकटक हसण्यावारी नेली. भावाला वाटलं, यंत्र तपासून झालं. बाईंना वाटलं, यंत्राचं भाऊ बघतोय, आपण माणसाचं बघू.

माणूस निवडायला बाईंना क्षणभरही लागला नाही. कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईंची मुलगी. तिला क्लासात सगळे चिमणी म्हणत, आणि ते नाव बाईंनीच ठेवलेलं. हाडाने बारीक, बोलायला लाजरी, पण एकदा की-बोर्डवर हात ठेवले की अंगणात दाणे टाकल्यावर पाखरांचा थवा उतरावा तसा आवाज. पूर्ण आयुष्यात असा हात बाईंना मिळाला नव्हता. न्यायालयात नकलनविसाची जागा निघणार होती, त्यासाठी वरच्या वेगाचं प्रमाणपत्र लागत होतं, आणि चिमणी पुढच्या महिन्यात इथेच ती परीक्षा देणार होती.

"बाई, मला भीती वाटते," ती म्हणाली. "साहेब मागे उभे राहणार ना?"

"राहू देत. तुझे डोळे कुठे?"

"कागदावर."

"मग साहेब असोत नाहीतर भूत असो, तुला काय त्याचं?"

निरीक्षक सकाळी आले. सर्दीने बेजार झालेला, भला माणूस. आल्या आल्या त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं, "कॉम्प्युटर कुठेत?" असं विचारलं, आणि पडद्यामागे चिकटवलेली हिरवी पट्टी दाखवल्यावर रुमालात शिंकून "बरं बरं" म्हणाले. भावाने कारखान्यातून रजा काढली होती. यजमान ठेवणीतला शर्ट घालून दारात उभे. बाहेरच्या बाकावर काही विद्यार्थी बसले होते. त्यांत पोस्टात काम करणारे एक काका होते, उतारवयात बढतीसाठी शिकत होते. गुडघेदुखीच्या माणसाने जिना चढावा तसं त्यांचं टायपिंग. एकेक पायरी, पण पडायचे नाहीत.

निरीक्षकांनी किल्ली लावून उतारा उघडला, छापील कागद चिमणीच्या शेजारी ठेवला आणि "करा सुरू" म्हणाले. बाई सवयीने खिडकीकडे वळल्या.

थवा उतरला.

बाईंनी डोळे मिटले. पहिली ओळ स्वच्छ. दुसरी ओळ, मधे एक जोडाक्षरांची चढण होती, तीही चिमणी न थांबता चढली. अशी लय बाईंना स्वतःला तरुणपणीही साधली नव्हती. आज आई असती, सासूबाई असत्या, तर त्यांना इथे आणून बसवलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात मागून कोणीतरी श्वास ओढला. भावाचा श्वास होता तो.

बाई वळल्या. चिमणीची बोटं तिसऱ्या ओळीवर होती. पडदा मात्र अजून पहिल्या ओळीत रेंगाळत होता. अक्षरं थेंबाथेंबाने येत होती, अडत होती, मग एकदम घोळका येऊन पडत होता आणि त्या घोळक्यात मधलीमधली अक्षरं नव्हतीच. शब्दांचे दात पडल्यासारखे झाले होते. दुभाष्याला दम लागला होता. तो एक वाक्य सांगून पुरं करेपर्यंत चिमणी चार बोलून जात होती, आणि जे त्याला झेपत नव्हतं ते तो खाली टाकत होता.

आणि चिमणीला काहीच माहीत नव्हतं. तिचे डोळे कागदावर होते. बाईंनी शिकवलंच तसं होतं.

वेळ संपली. पडद्यावर चुकांचा आकडा आला आणि खाली शब्द आला, अनुत्तीर्ण. चिमणीने मान वर करून तो वाचला, मग बाईंकडे बघितलं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तिने एकही चूक केलेली नाही. मी ऐकलंय."

निरीक्षकांनी नाक पुसलं. "बाई, तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण ऐकलेलं मी कुठल्या रकान्यात लिहू?"

भाऊ पांढराफटक पडला होता. "साहेब, माझी चूक. मी तपासलं ते माझ्या वेगाने तपासलं. मला... मला फक्त थोडा वेळ द्या."

"मला चहा पाजा," निरीक्षक म्हणाले. "चहा झाला की पुन्हा एकदा बसवा. एवढं मी करू शकतो."

यजमान चहाला पळाले. भावाने बोर्डावर जे जे बंद करता येईल ते बंद केलं, मागचं चित्र, कोपऱ्यातलं घड्याळ, सगळं. मग नमुन्याचा परिच्छेद काढून बाईंना म्हणाला, "मार." बाईंची बोटं संधिवाताने आखडलेली, तरी त्यांनी जीव लावून दोन ओळी मारल्या. मधली अक्षरं गळलीच.

"काय करतोय काय तो आत?"

"मला वाटतं, प्रत्येक अक्षराला सबंध पान नव्याने रंगवतोय. चांगल्या कॉम्प्युटरला ते जाणवत नाही, दुभाष्याच्या मात्र नाकी नऊ येतात. एक ओळ बदलली असती ना ताई, एक ओळ..."

"मग बदल."

"कुलूप आहे गं," भाऊ म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणी पतंग कापला गेल्यावर व्हायचा तसा झाला.

"किती वेग सोसेल त्याला?"

भावाने बोर्डावर बोट टेकवून बघितलं. मग हळूच म्हणाला, "खालच्या वेगाच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला लागतो तेवढा सोसेल. त्याच्या थोडा वरचासुद्धा. तिला सांग ना, जरा सावकाश मारायला."

बाई चिमणीपाशी गेल्या. ती हात मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी सबंध आयुष्यात विद्यार्थ्यांना हजार गोष्टी सांगितल्या असतील. एक शब्द कधी सांगितला नव्हता. तो तोंडातून निघेना. शेवटी त्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "बाळा, या खेपेला हळू."

"हळू म्हणजे?"

"म्हणजे... एक अक्षर मारलंस की जरा थांबायचं. मग दुसरं."

"थांबून काय करायचं, बाई?"

बाईंनी तिचे हात उचलून की-बोर्डवर ठेवले.

दुसऱ्यांदा सुरू झालं. बाई या वेळी खिडकीकडे वळल्या नाहीत. पडदा शहाण्यासारखा चालत होता. एक अक्षर दाबलं की एक अक्षर उमटत होतं. पण चिमणीला चालता येत नव्हतं. तिची बोटं पुढच्या अक्षरावर आधीच जाऊन बसायची, मग आठवण येऊन मागे यायची, मग वाट चुकायची. पळणाऱ्याला कोणी सांगावं, पाऊल उचल, आता गुडघा वाकव, आता टाच टेक, तसं झालं. दुसऱ्या ओळीत तिने चुकीची कळ दाबली. बाईंना ती ऐकू आली. मग आणखी एक. मग तिने मान वळवून पडद्याकडे बघितलं. क्लासात पाऊल ठेवल्यापासून टाइप करताना पहिल्यांदा.

मघाच्या चुका यंत्राच्या होत्या. त्यांच्याशी बाई भांडल्या असत्या, मंडळापर्यंत गेल्या असत्या. या चुका चिमणीच्या होत्या, आणि बाईंनीच तिच्या हातात दिल्या होत्या.

पुन्हा तोच शब्द पडद्यावर आला. चिमणी रडली नाही. ती उठून बाहेर बाकावर जाऊन बसली, आणि बाकावरच्या मंडळींनी तिला सरकून जागा करून दिली.

निरीक्षकांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "असं बघा बाई, नियमात तिसरी खेप नाही. पण माझा चहा अजून उरलाय असं समजू. दुसरं कोणी बसवायचं असेल तर बसवा."

यजमान लगेच पुढे झाले. "अगं, त्या पोस्टातल्या काकांना बसव! ते काय बैलगाडीच्या वेगाने जातात, यंत्राला झोप लागेल पण अक्षर गळणार नाही."

काका दारातूनच म्हणाले, "बसतो की बाई. मी कधी नव्हे तो उपयोगाला येतोय."

सगळे हसले. बाईंनाही हसू आलं, आणि त्याच हसण्याच्या पोटात त्यांना पुढचं सगळं दिसलं. काका बसणार. पायरी पायरीने उतारा चढणार. पडद्यावर उत्तीर्ण येणार. साहेब सही करणार, केंद्र राहणार, पाटी राहणार. आणि पुढच्या महिन्यात याच खोलीत खरी परीक्षा होणार. त्यात जो हळू तो तरणार आणि जो वेगवान तो बुडणार. सगळ्यात आधी चिमणी.

"बाळ्या," त्यांनी विचारलं, "महिन्याभरात तुला हे दुरुस्त करता येईल?"

"मी प्रयत्न..."

"प्रयत्न विचारला नाही. येईल का?"

भावाने हिरव्या पट्टीकडे बघितलं. "माझ्या हातात काही नाही, ताई. कुलूप त्यांच्याकडे, आणि दुभाष्या सुधारायचा तर जगभरच्या लोकांनी सुधारायचा. होईल तेव्हा होईल."

बाई निरीक्षकांकडे वळल्या. "साहेब, लिहा तुम्ही. आमच्याकडे चालत नाही."

"अगं!" यजमान ओरडले.

"लिहा, साहेब."

निरीक्षकांनी लिहिलं. जाताना दारात चप्पल घालता घालता ते म्हणाले, "मी नसतं लिहायला सांगितलं, बाई, तुमच्या जागी असतो तर." स्तुती होती की बोल लावला, ते बाईंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

यजमानांचा राग मात्र कळण्यासारखा होता. "सत्यवादी झालीस! आधी केंद्र तर राखायचं होतंस. त्या पोरीला मग पाठवली असती दुसऱ्या केंद्रावर."

"आणि तिच्यानंतर जी येईल तिला?"

"तिलाही पाठवायचं."

"म्हणजे चांगले हात निघाले की बाहेर पाठवायचे, आणि जे निघाले नाहीत ते घरात ठेवायचे. मग अहो, मी शिकवायचं काय? चांगलं शिकवलं तर मुलगा बुडणार. मनातून मलाच वाटायला लागेल, याचा वेग वाढू नये."

पंपावर आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं कळत होतं, की पाणी चढवायचं नसेल तर पंप कशाला.

मुलं गेली. भांडून नाही, पाया पडून गेली, त्यानेच जास्त लागलं. पोस्टातले काका सर्वांत शेवटी गेले. "बाई, मी काही घाईचा माणूस नाही," असं म्हणत ते बरेच दिवस येत राहिले. पण परीक्षा जिथे तिथला की-बोर्ड हाताला बसवायला हवा, असं शेवटी बाईंनीच त्यांना समजावलं. पुढची खोली रिकामी झाली. बाई सवयीने ठरलेल्या वेळी पडद्यांवरची धूळ पुसत आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहत. मग काय करायचं ते न कळून आत येत.

चिमणीने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या केंद्रावर परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा बाईंना वाटलं होतं, धावत येईल. ती आली नाही. बऱ्याच दिवसांनी बाईच इस्त्रीचे कपडे घेऊन कोपऱ्यावर गेल्या, तेव्हा ती आईशेजारी घड्या घालत होती.

"खालच्या वेगाचं मिळालं, बाई," ती म्हणाली. "वरचं हुकलं."

"यंत्राने घात केला?"

"नाही. यंत्र झकास होतं. अक्षर दाबायच्या आधी उमटत होतं." ती घडीवरून हात फिरवत राहिली. "मीच. हात पळायला लागले की तुमचा आवाज यायचा. हळू. मग मी पडद्याकडे बघायची."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाय मुरगळला होता हे सांगावं तसं तिने सांगितलं. बाईंनी तिला घरी नेलं, खुर्चीत बसवलं, "मार," म्हणाल्या, आणि वर्गाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. थवा उतरला. आणि ओळीच्या मध्यावर, एका अक्षराच्या आधी, बारीकशी फट पडली. पुढे आणखी एक. दुसऱ्या कोणाला ती ऐकू आली नसती. बाई ऐकत राहिल्या. त्यांनी ओरडून बघितलं, लाडाने सांगून बघितलं, हातावर फडकं टाकून बघितलं. चिमणी आठवडाभर येत राहिली. फट गेली नाही. मग तिला एका कपड्यांच्या दुकानात गठ्ठे बांधायचं काम लागलं आणि तिचं येणं थांबलं. न्यायालयातली जागा भरली गेली.

कितीतरी दिवसांनी, एका रविवारी, भाऊ धापा टाकत आला. चप्पलसुद्धा न काढता तो पुढच्या खोलीत गेला, एका बोर्डात नवं कार्ड घातलं, आणि ओरडला, "ताई, ये इकडे! झालं!"

बाई पदराला हात पुसत आल्या.

"दुभाष्याची नवी आवृत्ती आली. कुठल्या कोण जगाच्या कोपऱ्यातल्या माणसाने नेमकी तीच अडचण सोडवली. पान रंगवायची. त्याला आपलं नावही माहीत नाही. आता बस आणि मार. जितक्या जोरात येईल तितक्या."

बाई बसल्या. मंडळाचा तोच नमुन्याचा परिच्छेद होता. त्यांनी आखडलेली बोटं सोडवली आणि मारायला लागल्या. कळ दाबली की अक्षर हजर. त्यांनी वेग वाढवला, सांधे ठणकेपर्यंत वाढवला. एकही अक्षर गळलं नाही.

"बघ!" भावाचे डोळे भरले होते. "मी म्हणत होतो ना, मुक्त आहे म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, आज ना उद्या... ताई, आपण पुन्हा अर्ज करू. निरीक्षक येऊ देत. फक्त एकदा त्या चिमणीला बोलाव, तिच्या वेगाने तपासून घेऊ. या खेपेला मी माझ्या बोटांवर विसंबणार नाही. तिच्याइतका वेग दुसऱ्या कोणाचाच नाही."

"तिच्याइतका वेग आता तिचाही नाही," बाई म्हणाल्या.

बाई उठल्या. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला, "छान केलंस हो," असं म्हणाल्या, आणि जेवायला थांबणार ना ते विचारून आत गेल्या. भाऊ त्या रिकाम्या खोलीत पडद्यासमोर बसून राहिला. थोड्या वेळाने आतल्या खोलीत ऐकू आलं, तो एकटाच तपासत होता. टक... टक टक... टक.